सिद्राम मिस्त्रींचा निकाल बरोबर होता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटलं, लोक विसरतील. मग वाटलं, मिस्त्रीच विसरले असतील. मग ते वारले, आणि आता सांगून कुणाला काय उपयोग, असं म्हणत मी आणखी एक वर्ष काढलं.

या उन्हाळ्यात तुळजापूरला एका लग्नाला गेलो होतो. मंडपात पोरांनी संगीत खुर्ची मांडली होती. शेवटी दोघं एकाच खुर्चीवर आदळले, आणि शिट्टीवाल्यानं आपल्या चुलतभावाला नंबर दिला. त्यावर दुसरा ओरडला, "बास कर तुजा सिद्राम निकाल!" सगळे हसले. तोंडात बुंदीचा घास होता, तरी मीही हसलो. नंतर त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, "सिद्राम कोण, माहीत आहे का?"

"न्हाई ओ आजोबा. आमच्याकडं म्हनत्यात तसं. आपल्याच मानसाला नंबर दिला की सिद्राम निकाल."

हात धुवायला गेलो आणि धुतलेलेच हात पुन्हा धुतले. सिद्राम मिस्त्रींनी आपल्या माणसाला नंबर दिला नव्हता. हे नक्की ठाऊक असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलं. दुसरा मी.

सिद्राम मिस्त्री सास्तूरचे, धंद्यानं गवंडी. बुटके, काटक, कानाच्या पाळीत कायम सिमेंटची भुकटी. वर्षानुवर्षं एक डोळा मिटून भिंती बघितल्यामुळं त्यांची उजवी भुवई कायमची वर चढली होती. त्यांना न ओळखणाऱ्याला वाटे, हा माणूस आपल्यावर संशय घेतोय. दुसऱ्यांच्या खिशात तंबाखूची चंची असते तसा यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला, भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा असे. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोंवरून फिरे. एखादा फोटो कलला असेल तर बोलणं बाजूला राही. उठत, फोटो सरळ करत, दोन पावलं मागं येऊन बघत आणि मगच पाणी पीत. माझी बायको म्हणायची, "तुमचे मिस्त्री येणार असले की मला केर काढायच्या आधी तुमच्या वडिलांचा फोटो सरळ करावा लागतो."

लोहाऱ्याला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं त्याच दुकानातून मी केबल चालवली, आसपासच्या गावांतही तारा नेल्या. दुकानाची पाटी डावीकडं दोन बोटं खाली होती. मिस्त्री दर खेपेला दारातूनच म्हणायचे, "वसंतराव, पाटी." मी म्हणायचो, "करतो हो." दोन वर्षं ऐकून घेतल्यावर एक दिवस ते शिडी घेऊनच आले.

ही सरळपणाची आवड त्यांना कुठून लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आधी ते दगडमातीची घरं बांधायचे, सगळेच तशी बांधायचे. "त्या पहाटं ज्या भिंती पडल्या, त्यात सात माज्या हातच्या व्हत्या," ते म्हणाले. "लोक म्हनत्यात, धरनी हलली, तू काय करनार. पर दोन भिंतींचा ओळंबा म्या अंदाजानं सोडला व्हता. घाई व्हती. त्या दोन मला म्हाईत हायत." त्या घरांतल्या माणसांपुढं जाऊन त्यांनी हे कबूल केलं होतं, असं मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. कुणी त्यांना दोष दिला नाही. पण नव्या सास्तुरात त्यांनी जी घरं बांधली, त्यांतली एकही भिंत अंदाजानं उभी केली नाही.

आता शर्यतीचं सांगतो. ज्या गावच्या जत्रेत ती व्हायची, त्याचं नाव लिहीत नाही. दोष त्या गावाचा नाही. आमच्या भागातले दूधवाले सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी केन लटकवून संकलन केंद्राकडं सुटायचे, आणि आधी कोण पोचतो यावर त्यांची रोजची चढाओढ असायची. त्यातून ही शर्यत निघाली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर ती होई. नियम एकच होता, आणि तो कुणी मोडत नसे. रिकामे केन लावूनच पळायचं. दोन-दोन गडी सुटायचे, जिंकेल तो पुढच्या फेरीत. सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणि खडखडणारे केन यांचा असा काही गदारोळ उठायचा की देवळातल्या घंटेचा आवाज ऐकू यायचा नाही.

मिस्त्री या शर्यतीचे पंच झाले ते योगायोगानं. माळाच्या कडेला शाळेच्या कुंपणाची भिंत चालली होती, आणि मिस्त्री दोरी बांधून एका डोळ्यानं तिचं सूत बघत बसले होते. तेवढ्यात दोन गाड्या आल्या आणि कोण पुढं यावरून मारामारी जुंपली. मिस्त्री दोरीमागून म्हणाले, "भांडताव कशाला? पिवळ्या सदऱ्याचा आधी गेला. वीतभर." कुणी विचारलं, तुम्हाला काय कळतंय? ते म्हणाले, "म्या दोरीत व्हतो. तुमी समदे तिरके हुबे हाव." लोकांना ते पटलं. पुढच्या वर्षी बोलावणं गेलं, आणि मग ते वीसेक वर्षं जात राहिले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. रेघेच्या दोन टोकांना दोन लोखंडी गज ठोकायचे, गजांच्या वरच्या टोकाला लाल फडकं, आणि मध्ये फक्कीची पांढरी रेघ. अलीकडच्या गजामागं ते पोतं अंथरून चक्क पालथे पडायचे, एक डोळा मिटायचे, आणि अलीकडच्या गजानं पलीकडचा गज झाकला की हलायचे नाहीत. धुळीनं माखून उठायचे आणि नंबर सांगायचे. त्यांचं एकच म्हणणं असे, "डोळा रेघेत पायजे. मंग तो कुनाचाबी असू द्या."

एका वर्षी त्यांचा जावईच अंतिम फेरीत आला. समोर बेंबळीकडचा एक पोरगा. दोघं जवळजवळ बरोबर आले. मिस्त्री उठले, चष्मा पुसला आणि पोराला नंबर दिला. जावयानं गाडी तिथंच आडवी टाकली.

"मामा, नीट बघितलं का?"

"बगितलं."

"किती फरक व्हता?"

"चार बोटं."

"चार बोटांसाठी पोरीच्या नवऱ्याला हरवलं?"

"पोरगी दिली तुमाला," मिस्त्री म्हणाले, "रेघ न्हाई दिली."

जावई त्या दिवाळीला आला नाही. मिस्त्रींच्या बायकोनं त्या वर्षी करंज्याच केल्या नाहीत. "ज्याला रेघ गोड लागती त्यानं रेघच खावी," ती शेजारणींना सांगे. ही गोष्ट मिस्त्री स्वतःच हसून सांगायचे. शेवटी म्हणायचे, "करंज्या लई चांगल्या करती ओ ती. त्या चार बोटांपायी गेल्या."

माझी केबल सुरू झाल्यावर मी ती शर्यत दाखवू लागलो. तेव्हाचा कॅमेरा टेपवाला. चित्र असं यायचं की जणू कुणी पडद्यावर पीठ चाळलंय. मिस्त्री दुकानात येऊन बघायचे. "वसंतराव, यात तर मला माजीच टोपी वळखू येईना." लोक घराघरात बसून ते बघायचे, पण आपण कुठं दिसतो ते शोधायला. कोण जिंकलं हे त्या टेपला विचारायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. ते मिस्त्रींना विचारायचं असे.

मग एचडी आलं. आमच्याकडच्या एका हॉटेलात भिंतीएवढा टीव्ही लागला आणि त्यावर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती दिसू लागल्या. आधीही त्या दिसायच्या, पण तेव्हा मोटारी म्हणजे पळणारे रंगीत ठिपके. आता रस्त्यावर सांडलेले रबराचे कण मोजता यायचे. लोक चहा थंड करत बघत बसायचे. "आरारा, डायवरच्या हातमोज्याची शिवण दिसायली की!" एकजण म्हणाला. दुसरा माझ्याकडं वळून म्हणाला, "केबलवाले, तुमच्या शर्यतीत तर मोटारसायकल हाय का म्हस हाय, तेबी कळत न्हाई." सगळे खदखदले.

ते मला लागलं. इतकं लागायचं कारण नव्हतं, पण लागलं. त्याच वर्षी मी एचडी कॅमेरा आणला, माळापासून केबलपर्यंत थेट प्रक्षेपणाची सोय केली आणि रिक्षावर भोंगा लावून गावोगाव सांगितलं की, यंदाची शर्यत अशी दिसेल की फक्कीचा कण न् कण मोजता येईल. मंडपात मोठा टीव्ही ठेवला. त्यावर प्रत्येक फेरी पुन्हा दाखवायची, सावकाश, थांबवून. शहरातल्या वाहिन्या दाखवतात तशी.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीवर कॅमेरा उभा केला. माळाच्या कडेला, गाड्या येतात त्या अंगाला, रेघेच्या बारा-पंधरा पावलं अलीकडं. तिथून जत्रेची कमान दिसायची, मागं देवळाचं शिखर, रेघेकडं सुसाट जाणारी गाडी आणि उडणारी धूळ, सगळं एका चौकटीत. रेघेच्या बरोबर समोर कॅमेरा ठेवला असता तर गाडी डोळ्यांसमोरून फटकन गेली असती, आणि मागं नुसता उघडा माळ. मिस्त्री गज ठोकून आले, ट्रॉलीखाली उभे राहिले आणि त्यांनी एक डोळा मिटला.

"वसंतराव, ह्यो हितं कशापाई?"

"इथून चित्र झकास येतं, मिस्त्री. शिखरासकट."

"शिखर पळायलंय व्हय शर्यतीत?"

"तुम्ही निकाल द्या, मी चित्र देतो."

"मंग हरकत न्हाई," ते म्हणाले. "पर निकालाचं त्याला कुनी इच्यारू नगा. रेघेत न्हाई त्यो."

मी बरं म्हटलं. फोकस लावायला समोर काहीतरी हवं होतं, म्हणून मी त्यांनाच म्हणालो, "मिस्त्री, जरा रेघेवर उभे राहा." ते अलीकडच्या गजापाशी, बरोबर फक्कीवर पाय जुळवून उभे राहिले. फोटोच काढायचा असल्यासारखं सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि टोपी सारखी केली. मी वीस-पंचवीस सेकंद चित्रीकरण केलं. पापण्यांवरची धूळ दिसत होती, इतकं ते स्वच्छ होतं.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. अंतिम फेरीत दोघं उरले. एक त्या गावचाच सचिन, तरणा, नवी गाडी. दुसरा सास्तूरचा नामदेव, चाळिशीचा दूधवाला, जुनी गाडी, पोचे पडलेले केन. सचिन माझ्या बाजूच्या पट्ट्यात होता, नामदेव पलीकडच्या. एव्हाना फक्की टायरांनी पुसून गेली होती. दोघं आले ते धुळीच्या लोटातच. चाकं दिसलीच नाहीत, फक्त डोकी, हँडल आणि पलीकडच्या गजावरचं लाल फडकं.

मिस्त्री पोत्यावरून उठले. "नामदेव. वीतभर."

मंडपात टीव्हीवर ती फेरी पुन्हा लागली. सावकाश. मी चित्र थांबवलं. सचिनचं हँडल लाल फडक्याच्या पुढं गेलेलं, आणि नामदेवचं अजून मागं. इतकं स्पष्ट की सचिनच्या मनगटावरचा धागाही दिसत होता. मग कुणीतरी म्हणालं, "नामदेव सास्तूरचा. मिस्त्रीबी सास्तूरचेच की."

वीस वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. एकदा बोललं गेल्यावर ते सगळ्यांच्या तोंडी झालं. शिट्ट्या सुरू झाल्या. जत्रा समितीचे अध्यक्ष मिस्त्रींना हाताला धरून टीव्हीपुढं घेऊन आले.

"मिस्त्री, हे बघा. आमी बोलत न्हाई, टीव्ही बोलतोय."

मिस्त्रींनी चित्र नीट निरखलं. जवळ जाऊन बघितलं, मग लांबून. "चित्र लई चकचकीत हाय," ते म्हणाले, "पर तिरकं हाय. अलीकडचा गडी पुढं दिसनारच. वसंतराव, सांगा की ह्यांस्नी, कॅमेरा कुठं व्हता."

माइक माझ्या हातात होता. दीड-दोन हजार माणसं बघत होती आणि घराघरात केबलवर हे थेट चाललं होतं. नव्या कॅमेऱ्याचा तो पहिला दिवस होता. हा कॅमेरा चुकीच्या जागी आहे, असं त्याच दिवशी माझ्याच तोंडानं सांगायचं होतं. त्या क्षणी मला पुरतं कळलं नव्हतं, हे खरं. पण सकाळचं बोलणं तर मी ऐकलं होतं. "कॅमेरा पंधरा पावलं अलीकडं होता," एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते मला येत होतं.

मी माइकमध्ये म्हणालो, "कॅमेरा कुठल्या गावचा नसतो. त्याला जे दिसलं, ते आम्ही दाखवलं."

टाळ्या पडल्या. अजून कधी कधी त्या टाळ्यांचा आवाज माझ्या कानात येतो. त्या गर्दीत मिस्त्रींच्या बाजूनं एकच माणूस ओरडत होता, तो त्यांचा जावई. "आरं, मला हरवलं व्हतं ह्या मानसानं! पोटच्या पोरीचा नवरा हाय म्या!" त्याला दोघांनी मागं ओढलं.

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या भिंतीत अनपेक्षित पोकळी लागावी, तसे ते बघत होते. मग म्हणाले, "बरं."

नामदेवला ढाल मिळाली होती, ती त्यानं काखेत धरली होती. त्यानं हळूच विचारलं, "मिस्त्री, म्या हरलो व्हतो का?"

"न्हाई."

"मंग?"

"देऊन टाक."

त्यानं ढाल टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी दोन्ही गज उपसले, फडकी सोडून घडी केली, पोतं झटकलं आणि ते बाकीच्यांच्या आधी निघाले. पुन्हा ते त्या माळावर आले नाहीत. कुणी बोलावलंही नाही. पुढच्या वर्षापासून निकाल माझा कॅमेरा देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात एकटाच पुनःप्रक्षेपणासाठी तुकडे जोडत बसलो होतो. त्यात फोकस लावतानाचं चित्र आलं. मिस्त्री रेघेवर पाय जुळवून उभे. फक्की ताजी, पायांखाली स्वच्छ दिसतेय. आणि पलीकडच्या गजावरचं लाल फडकं मात्र त्यांच्या कितीतरी मागं पडलेलं. चित्रावर विश्वास ठेवला तर रेघेवर उभा असलेला माणूस रेघ ओलांडून दोन-तीन हात पुढं गेला होता. सचिनही तसाच पुढं गेला होता. नामदेव वीतभर पुढं होता, यात मला शंका उरली नाही.

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तो तुकडा चार-पाच वेळा बघितला. तो दाखवायचा, एवढंच करायचं होतं. संध्याकाळच्या प्रक्षेपणात अर्ध्या मिनिटाचं काम. त्याऐवजी मी तो पुसला. मिस्त्रींचं माझ्याकडं असलेलं तेवढं एकच स्वच्छ चित्र होतं. संध्याकाळी मी शर्यत पुन्हा दाखवली, आणि लोकांच्या आग्रहावरून आठ दिवस रोज दाखवली. सचिनच्या हँडलापाशी चित्र थांबवून.

त्यानंतर मिस्त्रींचं काय झालं, हेही लिहायला हवं. काम अगदी बंद पडलं नाही. पण ते भिंतीला ओळंबा लावू लागले की कुणीतरी म्हणायचंच, "मिस्त्री, रिप्ले बघावा का भिंतीचा?" एका घरमालकानं त्यांनी बांधलेली भिंत दुसऱ्या गवंड्याकडून तपासून घेतली. भिंत सरळ निघाली. मिस्त्रींनी त्या घराचं उरलेलं काम सोडलं. आपली बाजू ते कुणाला सांगत बसले नाहीत. ते एकदा बोलले होते, जिथं बोलायचं तिथं, आणि ज्याला साक्ष विचारायची त्यालाच विचारली होती.

लोहाऱ्याच्या बाजाराला यायचे तेव्हा माझ्या दुकानावरून जात. पावसाळ्यात वाऱ्यानं माझी पाटी पुन्हा कलली. मी मुद्दाम तशीच ठेवली. ते दारातून "वसंतराव, पाटी" म्हणतील, मग मी त्यांना आत बोलावीन, असा माझा बेत होता. ते पाटीकडं बघायचे, राम राम करायचे आणि पुढं जायचे.

वर्षं गेली. केबल मी विकली. मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शिक्षक आहे, त्याच्याकडं राहायला आलो. मिस्त्रींना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, हे कानावर आलं. सांगणारा वर म्हणाला, "तवापासूनच दिसत नसंल त्यांना." मी "असेल" म्हणालो. त्या दिवशी मात्र मला माझीच किळस आली, आणि त्या आठवड्यात मी सास्तूरला जायला निघालो.

येडशीपर्यंत मी मनात काहीच जुळवलं नाही. पुढं धाराशिवला गाडी बदलली आणि वाक्य घोकायला लागलो. फार काही नव्हतं. मिस्त्री, कॅमेरा तिरका होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुमचा निकाल बरोबर होता. मी गप्प बसलो, मला माफ करा. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं, म्हणजे ओठ हलत असावेत.

मिस्त्री घरातच होते. खूप वाळले होते, पण भुवई तशीच वर. "या या वसंतराव! सूनबाई, बघ कोन आलंय. च्या टाक." त्यांना इतका आनंद झाला की मी घोकलेलं वाक्य तिथंच अडकलं. टीव्हीवर परदेशातली मोटारींची शर्यत चालली होती.

"ही बघत बसतो आता," ते म्हणाले. "भाषा कळत न्हाई, पर रेघ कळती. निस्तं धुरकट दिसतंय ओ. डोळं तर नवं बसवलेत, मंग ह्ये आसं कसं?"

मी रिमोट घेतला. ते जुन्या, साध्या वाहिनीवर बघत होते. तीच शर्यत एचडीवर लावून दिली. रिमोटची बटणं दोन-दोनदा दाबावी लागत होती.

"आरं तिच्या!" मिस्त्री पुढं सरकले. "धुतल्यावानी झाली की!"

सून चहा घेऊन आली. आम्ही बशीत ओतून पीत होतो तेवढ्यात शर्यत संपली आणि शेवट पुन्हा दाखवायला लागले. आधी समोरून, मग वरून, आणि मग रेघेच्या अगदी बरोबर. दोन मोटारींची नाकं, त्यांच्यामध्ये एक उभी रेघ, बाकी काही नाही.

"बगा, बगा," मिस्त्री बोट दाखवून म्हणाले. "ह्यांनी रेघेवर येगळाच कॅमेरा ठिवलाय. बराब्बर रेघेत. त्यात ना डोंगर, ना मानसं. शिकलेली मानसं हायती." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "आपल्याला तवा कुठं म्हाईत व्हतं."

आपल्याला. त्यांना तर सकाळीच माहीत होतं. मला दुसऱ्या दिवशी माहीत झालं होतं. त्यांनी मला एक वाट काढून दिली होती, आणि मी तीच धरली. म्हणालो, "नव्हतं, मिस्त्री."

ते मान हलवून पुन्हा टीव्ही बघू लागले. घोकलेलं वाक्य बोलायची जागा ती होती. मी चहाची बशी पुसल्यासारखी करत बसलो.

निघताना नको म्हणत असतानाही ते स्टँडपर्यंत आले. पाय दुखत होते, मध्ये दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "एवड्या लांबनं आलाव. काय काम काडलं व्हतं?"

"काही नाही. सहज."

"बरं केलं."

गाडी आली. मी खिडकीपाशी बसलो. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि मी खिडकीची काच सरकवून डोकं बाहेर काढलं. मिस्त्री खाली उभे होते, माझ्या तोंडाकडं बघत. सगळी वाक्यं एकदम जिभेवर आली होती.

"मिस्त्री," मी म्हणालो, "रिमोटचे सेल बदलून घ्या."

इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागं हात धरला आणि गाडीबरोबर दोन पावलं चालले. "आं? काय म्हनताव?"

मी मोठ्यानं ओरडलो, "सेल! रिमोटचे सेल!"

त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, आणि हात वर केला.